इंग्रजी घेतलंय, जोडीला काय?

बी.ए.ला इंग्रजी घेणाऱ्या मुलामुलींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एकाला शाळेपासून वाचनाची गोडी असते, आणि तीन वर्षं गोष्टी-कविता वाचायला मिळणार या आनंदात तो प्रवेश घेतो. दुसरा गट मराठी माध्यमातून आलेला. तालुक्याच्या गावांतल्या महाविद्यालयांत हाच मोठा असतो. घरच्यांनी त्याला सांगितलेलं असतं, इंग्रजी आलं की नोकरीला मरण नाही. पहिल्याच सत्रात दोघांचीही पंचाईत होते. पहिल्याला कळतं की कादंबरी आवडणं आणि ती तशी का बांधली आहे हे सांगता येणं यात बरंच अंतर आहे. दुसऱ्याला कळतं की इथे इंग्रजी बोलायला शिकवत नाहीत. इथे शोकांतिकेची लक्षणं असतात, सुनीत म्हणजे सॉनेट या कवितेचे प्रकार असतात, ध्वनिशास्त्र असतं, आणि फाडफाड बोलण्याचं स्वप्न वर्गाबाहेरच राहतं.

दोघांनाही हे आधी सांगणारं कुणी भेटत नाही याचं वाईट वाटतं. कारण विषय चांगला आहे, मनापासून चांगला आहे. फक्त त्याच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे पहिल्या वर्षीच कळायला हवं. नुसतं इंग्रजी येतं म्हणून काम मिळायचे दिवस सरले. वाणिज्य शाखेच्या मुलांना इंग्रजी येतं, अभियंत्यांना येतं, इंग्रजी शाळेतून आलेल्या प्रत्येकाला येतं. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त असतं ते एकच: लांब आणि अवघड मजकूर शेवटपर्यंत नीट वाचण्याची आणि त्यावर स्वच्छ लिहिण्याची सवय. तीसुद्धा तीन वर्षं खरोखर वाचलं-लिहिलं असेल तरच. आणि या सवयीला बाजारात भाव येतो तो शेजारी आणखी एखादी गोष्ट उभी केली की: दुसरी भाषा, दुसरा विषय किंवा एखादं अवजार.

ही जोडी ठरवायची वेळ लोक समजतात त्याच्या फार आधी येते. राष्ट्रीय शिक्षण धोरणाची रचना महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर म्हणजे मुख्य आणि एक मायनर म्हणजे जोडविषय करायचा अशी पद्धत आहे. मायनर निवडताना मुलं मित्राने काय घेतलंय ते पाहतात, नाहीतर कशात गुण सहज पडतात ते. हा निर्णय तीन वर्षांनंतर कुठे अडतो याचं एक उदाहरण पुरेसं आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या हिंदी अनुवादक पदांसाठी कर्मचारी निवड आयोग परीक्षा घेतो. तिला बसायला इंग्रजीत एम.ए. चालतं, पण पदवीला हिंदी हा विषय किंवा माध्यम असावं लागतं. शिवाय अनुवादाची पदविका किंवा प्रमाणपत्र, नाहीतर सरकारी कार्यालयातला दोन वर्षांचा अनुवादाचा अनुभव. पहिला पेपर २०० गुणांचा, निम्मा हिंदी आणि निम्मा इंग्रजी. दुसऱ्यात लेखी अनुवाद आणि निबंध. महाराष्ट्रातल्या मुलांना हिंदी शाळेपासून येत असते, देवनागरी हातात बसलेली असते. तरी एम.ए. झाल्यावर जाहिरात वाचताना लक्षात येतं की पदवीला हिंदी घेतलंच नव्हतं. तेव्हा काही करता येत नाही. प्रथम वर्षाच्या अर्जातला एक रकाना चुकलेला असतो.

जोडीला मराठी असेल तर त्याहून चांगलं, असं मला वाटतं, आणि हे भाषेच्या प्रेमापोटी म्हणत नाही. विंदा करंदीकर, म. वा. राजाध्यक्ष, भालचंद्र नेमाडे, विलास सारंग हे सगळे इंग्रजी शिकवणारे होते आणि मराठीत त्यांनी काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. विंदांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, ते दोन्हीकडची वाङ्मयचर्चा सारखीच अंगवळणी पडलेली होती म्हणून. आज प्रकाशन, न्यायालयं, सरकारी खाती, मोबाइल ॲप बनवणाऱ्या कंपन्या या सगळ्यांना इंग्रजी नीट वाचून मराठी नीट लिहिणारा माणूस हवा असतो. असे अर्जदार मोजके असतात, कारण इंग्रजी घेतलेली मुलं मराठीत लिहिणं बारावीनंतर सोडून देतात. अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र हेही चांगले जोडीदार आहेत. एकातून अहवाल-लेखनाची वाट निघते, दुसऱ्यातून समुपदेशनाची किंवा ॲपमधला मजकूर लिहिण्याची.

आता वाचनाबद्दल. इंग्रजीच्या वर्गाचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे गाइड. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, नाहीतर गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात, मूळ पुस्तकाआधी गाइड मिळतं. त्यात कथानकाचा सारांश, व्यक्तिरेखांची वर्णनं, दहा अपेक्षित प्रश्न. पास व्हायला ते पुरतंही. नुकसान दिसतं ते पुढे, जिथे समोर अनोळखी उतारा ठेवून 'यात काय चाललंय ते सांग' असं विचारलं जातं. मुलाखतीत, संपादनाच्या चाचणीत, प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत हेच विचारतात. त्या प्रत्येक ठिकाणी मूळ मजकुराकडे पाहायची सवय असावी लागते, आणि गाइड नेमकी तीच मोडतं.

'हॅम्लेट'ची सुरुवात घ्या. पहिलं वाक्य म्हणजे अंधारात विचारलेला प्रश्न आहे: कोण आहे तिकडे? मध्यरात्र, किल्ल्याचा तट. पहाऱ्यावर फ्रान्सिस्को उभा आहे आणि त्याला मोकळं करायला बर्नार्डो येतोय. रीत अशी की हटकायचं पहारेकऱ्याने. इथे येणाराच हटकतो, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला 'नाही, आधी तू सांग' असं म्हणावं लागतं. दोन ओळींत शेक्सपिअरने सांगून टाकलंय की या राज्यात कोण कुणावर नजर ठेवतोय याचा घोळ झालाय, आणि पहारेकऱ्याआधी येणाराच घाबरलाय. गाइडमध्ये याच प्रसंगाबद्दल 'पहिल्या प्रवेशात गूढ वातावरण निर्माण होतं' एवढंच असतं. ज्याने प्रश्न कोणी विचारला हे पाहिलं, त्याला स्वतःच्या पाच ओळी लिहिता येतात, आणि दोनशे सारख्या उत्तरपत्रिका तपासून थकलेला परीक्षक त्या पाच ओळींवर थांबतो.

असं वाचायला वेळ लागतो, पण वाटतो तेवढा नाही. अडीचशे-तीनशे पानांची कादंबरी रोज वीस पानांनी पंधरवड्यात संपते. पहिल्या वाचनात पानामागे चार-पाचच शब्द कोशात पाहावेत, बाकीचे पेन्सिलने खूण करून सोडावेत. प्रत्येक शब्दाला थांबणारा वाचक चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटतो, हे वर्षानुवर्षं होत आलंय. कोश इंग्रजी-इंग्रजी असावा, तोही परक्या भाषेत शिकणाऱ्यांसाठी बनवलेला, कारण त्यात शब्द वाक्यात कसा बसतो ते दिलेलं असतं. कविता मोठ्याने वाचावी, नाटक दोघा-तिघांनी वाटून घेऊन वाचावं. वाचून झालं की बंद पुस्तकावर दीड-दोनशे शब्द लिहावेत, तीन दिवसांनी ते पुन्हा वाचून दुरुस्त करावेत. हे दुसरं वाचन मुलं टाळतात, आणि लेखन सुधारतं ते तिथेच.

पुस्तकांसाठी पैसे नाहीत ही अडचण खरी आहे, पण साहित्याच्या बाबतीत ती बरीचशी सुटू शकते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकापर्यंतचं जवळजवळ सगळं आणि विसाव्यातलं बरंचसं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळांवर फुकट मिळतं. फक्त शेक्सपिअर किंवा त्याआधीचं वाचताना टिपा असलेली आवृत्ती घ्यावी. टिपांशिवाय तो मजकूर नवख्याला पेलत नाही आणि दोष स्वतःच्या इंग्रजीला लावला जातो. ई-पीजी पाठशाला या सरकारी संकेतस्थळावर एम.ए.च्या पातळीचे धडे मोफत आहेत. अनुदानित महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट नावाची योजना आहे, तिच्यातून हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वाचता येतात. महाविद्यालय सदस्य असेल तर ग्रंथपालाकडे जाऊन स्वतःच्या नावाचं लॉगिन मागायचं. बहुतेक मुलांना ते मागता येतं हेच माहीत नसतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक भीती मनातून काढून टाकावी. उच्चारात मराठी छटा असणं हा दोष नाही, आणि इंग्रजी शाळेतल्या मुलांसारखं बोलता येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसायचं कारण नाही. दुरुस्त करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे 'अ', 'ॲन' आणि 'द' यांचा गोंधळ एम.ए.पर्यंत पाठ सोडत नाही. नियम पाठ करून तो जात नाही. एखाद्या चांगल्या वृत्तपत्राचा परिच्छेद घेऊन त्यातली सगळी उपपदं खोडायची, दुसऱ्या दिवशी ती स्वतः भरायची आणि मूळाशी ताडून पाहायची. महिनाभरात फरक पडतो. 'काल' म्हटल्यावरही पूर्ण वर्तमानकाळ वापरणं ही दुसरी चूक. तिसरी गोष्ट आघाताची. ध्वनिशास्त्राच्या पेपरात ४४ ध्वनी शिकवतात, २० स्वर आणि २४ व्यंजनं, आणि मुलं 'व्ह' आणि 'व' यांतला फरक घोटत बसतात. ऐकणाऱ्याचा घोटाळा मात्र होतो तो शब्दातलं भलतंच अक्षर ठासून बोलल्याने. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर पडतो, क्रियापद झाला की दुसऱ्यावर. नवा शब्द वहीत उतरवताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची, एवढं केलं तरी बोलणं पटकन कळायला लागतं.

पदवीनंतर सर्वाधिक मुलं अध्यापनाकडे वळतात, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. या वाटेवर पाट्या अनेक आहेत आणि चुकीच्या पाटीमागे गेलेली वर्षं परत मिळत नाहीत. शाळेत शिकवायचं तर बी.एड. हवं, सध्या दोन वर्षांचं. त्याच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं तर सोबत ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी ५० प्रश्नांची चाचणी द्यावी लागते. ती अर्ज भरतानाच निवडावी लागते, आणि इंग्रजीच्या पदवीधरांनाच 'आपल्याला कशाला लागेल' असं वाटतं. पहिली ते आठवीला शिकवायला टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते, खुल्या वर्गाला १५० पैकी ६० टक्के, राखीव वर्गांना ५५. त्यावर टेट ही अभियोग्यता चाचणी: २०० प्रश्न, दोन तास, गुण थेट राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या निवडीला. दोन तासांत दोनशे प्रश्न म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. यात साहित्याचं ज्ञान कामाला येत नाही. गणित आणि बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचा वेग लागतो, आणि तो सहा महिने रोज सोडवल्याशिवाय येत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाची वाट मुलं विसरतात, आणि ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. एम.ए. द्वितीय श्रेणीत आणि बी.एड. असेल तर अकरावी-बारावीला शिकवता येतं. इंग्रजी तिन्ही शाखांना शिकवलं जातं, त्यामुळे इंग्रजीच्या शिक्षकाची गरज प्रत्येक महाविद्यालयात असते. इतर अनेक विषयांचं तसं नाही. एम.ए. झाल्यावर बी.एड.चा कंटाळा करून थेट नेट किंवा सेट (राज्यपातळीवरची तशीच परीक्षा) यांच्या मागे लागणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

नेटबद्दल दोन गोष्टी. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. सलग तीन तास, चुकीला गुण वजा नाहीत. दोन्ही पेपरांचे गुण एकत्र मोजतात, आणि इंग्रजीची मुलं बाद होतात ती बहुतेकदा पहिल्या पेपरात. त्यात अध्यापन, संशोधन, गणिती तर्क, तर्कशास्त्र, आकडेवारीचं वाचन, पर्यावरण, उच्चशिक्षण असे दहा भाग आणि प्रत्येकी पाच प्रश्न असतात. दुसऱ्या पेपरासाठी रात्रंदिवस वाचणारी मुलं पहिल्याला शेवटचा आठवडा देतात. दुसऱ्या पेपरातही दहा विभाग आहेत. नाटक, कविता, कथा-कादंबरी यांच्या बरोबरीने भाषेच्या मूलभूत संकल्पना आणि अध्यापन, भारतातलं इंग्रजी, संस्कृती-अभ्यास, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचे सिद्धान्त, संशोधनपद्धती. मागच्या प्रश्नपत्रिका पाहिल्या की कळतं, कालक्रम लावायचे आणि जोड्या जुळवायचे प्रश्न भरपूर असतात. त्यासाठी भिंतीवर एक लांब कागद लावून शतकाप्रमाणे लेखक, ग्रंथ आणि साल लिहीत जावं. पाठ होतं ते तेव्हाच, जेव्हा प्रत्येक नावाचं निदान एक पान वाचलेलं असतं.

नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाला दरमहा ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. तिला वयाची अट आहे, सर्वसाधारण ३० वर्षं. महिलांना आणि राखीव वर्गांना पाच वर्षांची सूट. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही आणि ती आयुष्यभर टिकते. सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. तिची पात्रता राज्यापुरती असते आणि तिच्यातून शिष्यवृत्ती मिळत नाही. पण नेट काय, सेट काय, त्या पात्रता आहेत, नेमणुका नव्हेत. अनुदानित महाविद्यालयांतली भरती वर्षानुवर्षं रेंगाळते, आणि दरम्यान पात्र माणसं तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. तासांचे पैसे मिळतात, तेही उशिरा. वर्ग संपले की मानधन थांबतं, सुट्टीत काहीच नाही. घर चालवायची जबाबदारी असलेल्या तरुणाने या व्यवस्थेला मुदत घालून घ्यावी. दोन वर्षं, फार तर तीन, आणि त्या काळात दुसरं एखादं काम हातात असावं. आशेवर दहा वर्षं काढलेली हुशार माणसं या राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

हे दुसरं काम अनुवादाचं असू शकतं. सराव झालेला अनुवादक दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्दांचा पहिला खर्डा करतो. नवशिक्याने हजार धरावेत आणि तेवढ्याच वेळाची तपासणी वेगळी. पैसे बहुधा शब्दावर मिळतात. ते मूळ मजकुराच्या शब्दांवर की अनुवादाच्या, हे आधी विचारून घ्यावं, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि इंग्रजीपेक्षा शब्द कमी भरतात. मेमोक्यू आणि ट्राडॉस ही या धंद्यातली संगणकीय अवजारं. ओमेगाटी फुकट आहे, त्यावर अनुवादस्मृती (आधी केलेल्या अनुवादांचा साठा) आणि पारिभाषिक शब्दांची यादी कशी चालते ते शिकून घेता येतं. हल्ली बरंच काम यंत्राने केलेला अनुवाद तपासण्याचं येतं. यंत्राचं मराठी वरवर गुळगुळीत असतं, म्हणूनच धोक्याचं. एकाच पानावर वाचकाला वर 'तुम्ही' आणि खाली 'तू' म्हटलेलं असतं. मिलियनचे लाख करताना शून्य सरकतं. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, आणि करारात ही चूक राहिली तर निस्तरायला वकील लागतो. नकारार्थी लांब वाक्यातला नकार गायब होतो. म्हणून तपासताना आकडे, नावं, नकार आणि संबोधन यांच्या चार वेगळ्या फेऱ्या माराव्यात, आणि शैलीकडे त्यानंतरच पाहावं. न्यायालयांतही हेच आलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सुवास नावाची अनुवादप्रणाली आणली, पण तिचा मजकूर माणसाने तपासल्याशिवाय चालत नाही. कायद्याची पदवी जोडीला असेल तर अनुवादकाला इथे मोठी मागणी आहे.

सबटायटलचं काम तरुणांना आवडतं, पण त्याची शिस्त कडक असते. इंग्रजी सबटायटलमध्ये एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, दोनच ओळी, आणि एक पाटी सात सेकंदांच्या वर ठेवायची नाही. कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी संवाद तेवढ्या जागेत बसवताना काय सोडायचं हे ठरवावं लागतं. कवितेच्या वर्गात शब्दाशब्दाचं वजन तोलायला शिकलेल्याला ते चांगलं जमतं.

प्रकाशनातलं संपादन हे इंग्रजीच्या विद्यार्थ्याचं सगळ्यात नैसर्गिक काम. तिथे प्रवेशाला चाचणी असते. तीन-चारशे शब्दांचा उतारा देतात आणि तो साफ करायला सांगतात. मुलं व्याकरण सुधारतात, शब्द बदलून भाषा 'चांगली' करतात आणि नापास होतात. कारण उताऱ्यात मुद्दाम पेरलेलं असतं ते वेगळंच. पहिल्या परिच्छेदात आडनाव एका स्पेलिंगने आणि तिसऱ्यात दुसऱ्या. मजकुरात १४ गावं आणि खालच्या तक्त्यात १२. जन्मसाल आणि वय जुळत नाही. एकदा ब्रिटिश स्पेलिंग, एकदा अमेरिकन. टीप क्रमांक ४ मजकुरात आहे, तळाशी नाही. परीक्षकाला पाहायचं असतं की हे दिसतं का, आणि जे लेखकालाच विचारायला हवं ते परस्पर बदललं की त्याला विचारलं. त्यामुळे आधी एकदा हात न लावता वाचावं. दुसऱ्या वाचनात नावं, आकडे, तारखा वेगळ्या कागदावर उतरवून ताडाव्यात. तिसऱ्यात भाषा. बदल दिसतील असा ट्रॅक चेंजेस सुरू ठेवावा. लेखकाला शंका लिहिताना जागा, अडचण आणि दोन पर्याय द्यावेत, 'हे स्पष्ट नाही' एवढंच लिहू नये. आणि लेखकाचं बरोबर असलेलं वाक्य आपल्याला आवडलं नाही म्हणून बदलू नये. हा संयम शिकायला वर्ष लागतं.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे टेक्निकल रायटिंगचं, म्हणजे एखादी गोष्ट कशी वापरायची ते लिहून देण्याचंही काम मिळतं आणि पगार शिकवण्यापेक्षा बरा असतो. अडचण एवढीच की अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात आणि साहित्याची मुलं कवितेवरचा निबंध पाठवतात. नमुना घरबसल्या बनवता येतो. समजा परदेशात राहणाऱ्या, गावी जमीन असलेल्या माणसासाठी इंग्रजीत मार्गदर्शिका लिहायची: डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून कसा काढावा. सुरुवातीला लागणाऱ्या गोष्टी: मोबाइल क्रमांक, जिल्हा-तालुका-गाव, गट क्रमांक आणि १५ रुपये ऑनलाइन भरायची सोय. मग पायऱ्या, एका पायरीत एकच कृती, आणि ती केल्यावर पडद्यावर काय दिसेल ते. वाक्य आज्ञार्थी, छोटं. शेवटी अडचणींचा भाग: ओटीपी आला नाही तर, पैसे कापले गेले पण शिल्लक दिसली नाही तर, गट क्रमांक सापडला नाही तर. लिहून झालं की ज्याने हे कधी केलं नाही अशा माणसाला समोर बसवून, स्वतः गप्प राहून, मार्गदर्शिकेवरून काढायला सांगावं. तो जिथे अडेल ते वाक्य चुकलेलं. असे तीन नमुने आणि मार्कडाउन (मजकुराला साध्या खुणांनी मांडणी देण्याची पद्धत), गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं अवजार) यांची तोंडओळख असेल तर अर्ज वाचला जातो. गूगलचा टेक्निकल रायटिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम मोफत आहे, सुरुवातीला तो पुरे.

बाकीच्या वाटा थोडक्यात. जाहिरातवजा लेख पाडण्याचं जे काम पूर्वी पदवीधरांना सहज मिळायचं, ते यंत्राने बरंचसं खाल्लंय. त्यावर आयुष्य बेतू नये. पत्रकारितेसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) अमरावती केंद्र आहे, पण बातमीदाराला भाषेपेक्षा माणसांत मिसळायची चिकाटी जास्त लागते. यूपीएससीला इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर. नेमलेली पुस्तकं मुळातून वाचलेली असतील तरच घ्यावा. भाषाविज्ञानाची ओढ असेल तर डेक्कन कॉलेज, आणि भाषा-अध्यापनाची असेल तर हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ. तिथे एम.ए.ला गेलेली मुलं वेगळीच तयार होऊन येतात, कारण चार-पाच राज्यांतली मुलं एका वर्गात असतात आणि गाइड कुणाकडेच नसतं.

शिक्षण धोरणाच्या नव्या रचनेतली एक गोष्ट मात्र मुलांनी हातची घालवू नये. तिसऱ्या वर्षी, सहाव्या सत्रात, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला म्हणजे ओजेटीला चार क्रेडिट (श्रेयांक) आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. बहुतेक महाविद्यालयांत ही १२० तासांची सही ओळखीच्या दुकानातून किंवा क्लासमधून आणली जाते आणि संधी वाया जाते. स्थानिक वृत्तपत्राची कचेरी, प्रकाशक, अनुवाद करून देणारी संस्था, गावातल्या वकिलाचं कार्यालय, एखादी स्वयंसेवी संस्था जिला देणगीदारांसाठी इंग्रजी अहवाल लागतो, यांपैकी कुठेही ते तास खरे होऊ शकतात. यातली स्वयंसेवी संस्था मला सर्वांत उपयोगी वाटते. तिथे मराठीत ऐकून इंग्रजीत लिहावं लागतं आणि छापलेला अहवाल नमुना म्हणून हातात राहतो.

त्यासाठी फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही, तेव्हा सगळेच मागत असतात. पाचव्या सत्रात, दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास, ईमेल पाठवावी. विषयाच्या ओळीत नाव, वर्ग आणि '१२० तासांचं प्रशिक्षण' एवढं. मजकूर आठ ओळींचा: आपण कोण, त्यांचं नेमकं कोणतं काम पाहिलं, त्यात आपण काय करू शकतो, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकतो. सोबत दोन पानांचा एकच नमुना, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव दिलेलं. 'आदरणीय महोदय' लिहून दहा ठिकाणी एकच पत्र पाठवू नये. संस्थेत कोण पाहतं ते शोधून त्यांच्या नावाने लिहावं. आठवड्याने उत्तर आलं नाही तर फोन करावा, मराठीत, आणि भेटायला कधी येऊ ते विचारावं. जिल्ह्याच्या गावी तर फोनवरच होकार येण्याची शक्यता जास्त. रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी महाविद्यालयाचा हजेरीचा आणि मूल्यमापनाचा नमुना त्यांना दाखवून ठेवावा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात सही-शिक्क्यासाठी अडायला होत नाही.